महामार्गावरचा नवा पाणवठा कोणाच्या हातात?

"वकीलसाहेब, विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा आणि आपल्या चळवळीचा संबंध काय? ज्यांच्या दारात सायकल उभी आहे, त्यांना तुम्ही मोटारीच्या चार्जिंगची गोष्ट सांगता!" चांदवडच्या एका बैठकीत एका ज्येष्ठ धम्मबांधवाने मला हा प्रश्न विचारला. त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता, कळकळ होती. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, अत्याचाराच्या खटल्यांत साक्षीदार फुटतात, अनुशेष भरला जात नाही, आणि अशा वेळी श्रीमंतांच्या गाड्यांची चिंता आपण का वाहावी? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे उत्तर तोंडी न देता या स्तंभातून सर्व वाचकांसमोर ठेवत आहे.

आधी एक अनुभव सांगतो. काही दिवसांपूर्वी धुळ्याच्या न्यायालयातील काम आटोपून मी रात्री नाशिककडे परतत होतो. गाडी विजेवरची, भाड्याची. चालवणारा आपलाच एक तरुण. कर्ज काढून त्याने ही गाडी घेतलेली. बँकेचा हप्ता दरमहा चुकत नाही, म्हणून त्यालाही रात्रीचे भाडे चुकवता येत नाही. राहूड घाट ओलांडून चांदवडजवळ आलो तेव्हा बॅटरी संपत आली होती. मोबाईलवर दाखवलेले पहिले ठिकाण गाठले, तर यंत्र बंद. दुसरे ठिकाण एका हॉटेलच्या आवारात होते. तिथला रखवालदार म्हणाला, जेवण घेणाऱ्या गिऱ्हाईकांसाठीच आहे. आम्ही जेवतो म्हटल्यावर त्याने विचारले, "कुठले तुम्ही? आडनाव काय?" पुढे अर्ध्या तासाने मालकाला फोन झाला आणि यंत्र सुरू झाले. आम्हाला जातीवरून अडवले, असे मी म्हणणार नाही; तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुराव्याशिवाय आरोप करणे माझ्या व्यवसायात बसत नाही. परंतु गाडीत वीज भरण्यासाठी माणसाचे आडनाव कशाला लागते, हा प्रश्न मात्र घरी पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्या रात्री मला आठवण झाली ती १९०१ सालच्या एका प्रवासाची. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात तो प्रवास सांगितला आहे. वडील रामजी सुभेदार कोरेगावला नोकरीस होते. नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा मोठा भाऊ आणि भाचा अशी मुले त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची व गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर! सोबत शिदोरी होती, पण पाणी नव्हते. रात्री टोल वसूल करणाऱ्याच्या झोपडीपाशी गाडी थांबली. पाणी मागितले, मिळाले नाही. डबा भरलेला असूनही मुले उपाशी झोपली.

वाचकहो, या प्रसंगात काय काय आहे ते पाहा. लांबचा प्रवास आहे, वाहन आहे, भाड्याचे पैसे आहेत, टोलनाकाही आहे. नाही ते फक्त प्रवास पुढे चालू ठेवण्यासाठी लागणारी एक गोष्ट, आणि ती ज्याच्या ताब्यात आहे त्याची मर्जी. १९२९ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर झालेले होते, तरी चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांना टांग्यात घ्यायला नकार दिला. वस्तीतल्या अननुभवी माणसाने टांगा हाकला आणि अपघात झाला. म्हणजे वाहन बदलते, रस्ता बदलतो, पदवी मिळते. परंतु प्रवासाचे साधन दुसऱ्याच्या मर्जीवर असेल तर प्रवासी गुलामच राहतो. चळवळीचा आणि चार्जिंग स्टेशनचा संबंध हा आहे.

आता वस्तुस्थिती पाहू. पेट्रोलची गाडी पाच मिनिटांत भरते. विजेच्या मोटारीला जलद यंत्रावरही अर्धा-पाऊण तास लागतो, साध्या यंत्रावर कित्येक तास. याचा अर्थ प्रवाशाला थांबावे लागते, बसावे लागते, पाणी लागते, शौचालय लागते, रात्री असेल तर उजेड आणि सुरक्षितता लागते. म्हणजे चार्जिंग स्टेशन हा नुसता पंप नव्हे. तो नवा पाणवठा आहे, नवी धर्मशाळा आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवड हे जुने थांब्याचे गाव. अहिल्यादेवी होळकरांचा रंगमहाल येथे आहे. प्रवाशांसाठी देशभर विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधणारी राज्यकर्ती म्हणून त्यांची ओळख आहे. परंतु त्या काळातल्या विहिरींवर आमच्या पूर्वजांना हात लावता येत होता काय? विहीर बांधली जाणे आणि विहिरीवर सर्वांना पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, कागदावर! महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जावे लागले आणि न्यायालयातला निकाल लागायला १९३७ उजाडले. ठराव होतो आणि पाणवठा मात्र ताब्यात घेणाऱ्याच्याच ताब्यात राहतो, हा इतिहास आहे. म्हणून नवा पाणवठा बांधला जात असतानाच जागे राहायचे की बांधून झाल्यावर सत्याग्रह करायचा, याचा निर्णय आपण आज करायचा आहे.

शासन काय करीत आहे? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये खुलासा केला की, वाहनाची बॅटरी चार्ज करणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, सबब त्यासाठी विद्युत कायद्याखालील परवाना नको. डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरवर स्टेशन असावे असे म्हटले. २०२२ च्या सुधारित सूचनांत शासकीय जमीन अशा स्टेशनसाठी दर युनिटमागे एक रुपया या हिश्शावर देण्याची तरतूद आली. खासगी व्यक्तीला द्यायची असेल तर बोलीची किमान पातळी तीच, एक रुपया. सप्टेंबर २०२४ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह योजना जाहीर झाली. १० हजार ९०० कोटींच्या या योजनेत २ हजार कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंगसाठी आहेत. २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शासकीय कार्यालये, रुग्णालये यांच्या आवारात सर्वांसाठी खुले स्टेशन उभारल्यास पूर्ण खर्चाचे अनुदान मिळू शकते. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणातही महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरवर चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे.

जमीन सरकारची, अनुदान सरकारचे, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचे. मग स्टेशन कोणाचे? येथेच खरी मेख आहे.

पेट्रोल पंपांच्या वाटपात सरकारी तेल कंपन्यांना अनुसूचित जाती-जमातींसाठी साडेबावीस टक्के राखीव जागा ठेवाव्या लागतात. त्या व्यवस्थेचे दोषही आपल्याला ठाऊक आहेत. नाव आपल्या माणसाचे आणि गल्ला दुसऱ्याचा, असे अनेक पंप महामार्गांवर आहेत आणि त्यात आपल्याही काही लोकांनी सही विकली हे कबूल केले पाहिजे. तरीही निदान कागदावर आपला हक्क होता. हक्क होता म्हणून भांडता येत होते. चार्जिंग स्टेशनला परवानाच नको म्हटल्यावर वाटप नाही, वाटप नाही म्हणून आरक्षण नाही. मोकळीक सर्वांना आहे असे सांगतात. परंतु मोकळीक कोणाला? ज्याच्याकडे महामार्गाला लागून जमीन आहे, ज्याच्याकडे हॉटेल आहे, ज्याला रोहित्र बसवण्याइतके भांडवल आहे आणि ज्याच्या तारणावर बँक कर्ज देते, त्याला! समतेच्या नावाने मोकळे सोडलेले मैदान विषमतेच्याच पायावर उभे असते. ही नवी गोष्ट नाही.

गिरण्या आल्या तेव्हा विणकर खात्यात आपल्या माणसाला घेतले जात नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई. रेल्वे आली. आमच्या चांदवडपासून पंचवीसेक किलोमीटरवरील मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले आणि रेल्वेत अस्पृश्यांना गँगमनपलीकडे का जाऊ दिले जात नाही, साधा हमालही का होऊ दिले जात नाही, याचा जाब विचारला. यंत्राला जात नसते, हे खरे. परंतु यंत्राचा मालक आणि मुकादम यांना ती असते. वाफेचे यंत्र आले, जात त्यावर बसली. डिझेलचे आले, त्यावरही बसली. विजेच्या यंत्रावर ती बसणार नाही, असे मानायला आधार काय?

आणखी एक मुद्दा, जो मला वकील म्हणून रोज भेटतो. महामार्गाकडेला आपल्या लोकांच्या जमिनी मुळीच नाहीत, असे नाही. गावोगावी महार वतनाच्या जमिनी आहेत. मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायदा, १९५८ अन्वये त्या पुन्हा वतनदारांना मिळाल्या, पण नवीन व अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा. बिगरशेती वापर करायचा तर परवानगी आणि नजराणा. परिणाम असा की, मूळ वतनदाराचा नातू त्या जमिनीवर स्वतः स्टेशन काढू शकत नाही, कारण बँक तारण घेत नाही. आणि नजराणा भरायची ऐपत असलेला धनदांडगा मात्र कवडीमोल दराने तीच जमीन पदरात पाडून घेण्यासाठी टपलेला असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तो सर्वांनी वाचला आहे. जी अट वतनदाराच्या संरक्षणासाठी म्हणून ठेवली, ती त्याच्याच पायात बेडी ठरते आणि बड्यांना मात्र वाट मोकळी होते. महामार्गाकडेच्या प्रत्येक गुंठ्याला आता नवा भाव येणार आहे. आपल्या वस्त्यांनी आपले सातबारे आजच काढून पाहावेत, एवढे मी कळकळीने सांगतो.

करांचे गणितही पाहा. विजेच्या मोटारीवर जीएसटी पाच टक्के. बंगल्याच्या आवारात रात्री घरच्या विजेवर गाडी चार्ज केली तर त्या विजेवर जीएसटी नाही. परंतु सार्वजनिक स्टेशनवर चार्जिंग ही 'सेवा', म्हणून त्यावर अठरा टक्के! म्हणजे ज्याच्याकडे बंगला आणि वाहनतळ आहे त्याला सूट, आणि जो चाळीत, वस्तीत, भाड्याच्या खोलीत राहतो व गाडी चालवून पोट भरतो त्या चालकाला भुर्दंड. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर झाली. पर्यावरणासाठी ती असेल तर आमचा विरोध नाही. मात्र मोटारीतल्या एकट्या साहेबाला माफी देताना, कर्जाची गाडी रात्रंदिवस पळवणाऱ्याच्या अठरा टक्क्यांचाही विचार झाला पाहिजे.

काही मित्र म्हणतील, अॅडव्होकेट, तुम्ही खासगी उद्योगाच्या मागे लागला आहात. स्पर्धा होऊ द्या, दर आपोआप उतरतील. त्यांना मी बाबासाहेबांच्या कार्याची आठवण देतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना विद्युतशक्तीचे खाते त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे त्यांनी विजेचा प्रश्न दारिद्र्याच्या निर्मूलनाशी जोडला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, आणि ती खासगी नफ्यावर सोडावी की राज्याने हाती घ्यावी, याचा निर्णय लोकहित पाहून व्हावा, ही त्यांची दिशा होती. मध्यवर्ती तांत्रिक विद्युत मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी त्यांची स्पष्ट मागणी आहे. वीज ही चैन नसून मुक्तीचे साधन आहे, हा विचार या देशात ज्या महामानवाने मांडला, त्याच्या अनुयायांनी विजेच्या नव्या युगाकडे पाठ फिरवावी काय?

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरायला मात्र शिकले पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश आणि पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागांचा वापर, यांबाबत जातीवरून मज्जाव करता येत नाही. 'अंशतः' हा शब्द लक्षात ठेवा. अनुदान घेतलेले किंवा शासकीय जमिनीवर उभे राहिलेले प्रत्येक स्टेशन या शब्दाच्या कक्षेत येते, असे माझे मत आहे. शिवाय नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चे कलम ६ अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवते. चार्जिंग ही 'सेवा' आहे असे सरकारनेच २०१८ मध्ये सांगून ठेवले आहे. कंपन्यांच्या सोयीसाठी केलेला हा खुलासा आमच्या हक्काचे हत्यारही होऊ शकतो! मात्र कायदा फिर्याद झाल्यावर धावतो. फिर्यादीची वेळ येऊ नये, अशी व्यवस्था आधी उभी करणे हे धोरणाचे काम आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, चांदवडसह महामार्गावरील प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी बसस्थानक, शासकीय रुग्णालय, तहसील कार्यालय अशा सार्वजनिक जागेत किमान एक स्टेशन उभारावे. पूर्ण अनुदानाची योजना असताना नगरपरिषद आणि तालुका प्रशासनाने प्रस्तावच पाठवला नाही, तर तो दोष दिल्लीचा नव्हे, आपल्या गल्लीचा ठरेल.

दोन, शासकीय जमीन वा अनुदान घेणाऱ्या स्टेशनच्या वाटपात पेट्रोल पंपांप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना राखीव वाटा द्यावा. व्यक्तीपेक्षा सहकारी संस्था आणि महिला बचत गटांना प्राधान्य द्यावे, म्हणजे सही विकण्याचा धंदा थांबेल. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रथमच उद्योग करणाऱ्या महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी दोन कोटींपर्यंतच्या मुदतकर्जाची घोषणा झाली. ते कर्ज या कामाला जोडावे.

तीन, महार वतनाच्या जमिनीवर मूळ वतनदार कुटुंबाने स्वतः स्टेशन चालवल्यास नजराणा माफ करावा. मालकी मात्र कुटुंबाचीच राहील, हस्तांतरण होणार नाही, अशी पक्की अट असावी.

चार, प्रत्येक स्टेशनवर दरपत्रक, तक्रारीचा क्रमांक, पिण्याचे पाणी, शौचालय आणि रात्रभर दिवा असावा. जेवणाची सक्ती नसावी. नाव-गाव-आडनाव विचारण्याचे कारण नाही.

पाच, यंत्र बसवणे आणि दुरुस्त करणे या कामांचे प्रशिक्षण बार्टी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमार्फत आपल्या मुलामुलींना द्यावे. बंद पडलेली यंत्रे पाहता या कामाला तोटा नाही. आपल्या पोरांनी नव्या यंत्राभोवती झाडू मारायचा की यंत्राचे झाकण उघडायचे, हा मनमाड परिषदेतलाच प्रश्न आहे.

नाशिक जिल्हा हा चळवळीचा जिल्हा आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह येथे झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा येवल्याला झाली. जमिनीचा प्रश्न घेऊन भूमिहीनांना रस्त्यावर आणणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. या जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गावर दरवर्षी ६ डिसेंबरला धुळे, मालेगाव, चांदवडहून हजारो अनुयायी चैत्यभूमीकडे निघतात. आज ते एस.टी.ने, ट्रकने, जीपने जातात. उद्या त्यांची वाहने विजेवर चालतील, एस.टी.ने तर त्या दिशेने सुरुवातही केली आहे. तेव्हा घाट उतरल्यावर थंडीच्या रात्री त्यांना कोणाच्या दारात उभे राहावे लागेल? स्वतःच्या हक्काच्या जागेत की कोणाच्या मेहेरबानीच्या आवारात?

बैठकीतील त्या ज्येष्ठ बांधवांना माझे उत्तर एवढेच. आपल्या दारात आज सायकल आहे, म्हणून रस्ता आपला नाही असे होत नाही. मोटार घेता येईल तेव्हा घेऊ. पाणवठ्यावरचा हक्क मात्र आजच सांगून ठेवला पाहिजे. येत्या ग्रामसभांत, नगरपरिषदेच्या सभांत आपल्या सदस्यांनी हा ठराव मांडावा आणि प्रस्तावाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. मसूरच्या रस्त्यावर तहानलेल्या मुलांना टोलवाल्याने परत पाठवले. त्या मुलांपैकी एकाने पुढे या देशाचे संविधान लिहिले. आता टोलनाक्यावर आपण विनवणी करायची नाही, कलम दाखवायचे आहे.

जयभीम!